मूग-उडदाची पुडी

शिबिराला वर्ष होत आलं आणि पूनमचंदजींनी तो प्रश्न विचारला. पूनमचंदजी म्हणजे अकोल्याच्या ज्या संस्थेनं किन्हीराजा गावात मोतीबिंदूचं शिबीर भरवलं, तिचे चिटणीस. माणूस कोरडा. गळ्यात हार घातला तर मान पुढं करायचे, आणि हार घालणाऱ्याची पाठ वळली की काढून खुंटीला अडकवायचे. दिवाळी आटोपल्यावर ते एष्टीनं आले, ज्ञानचंदच्या किराणा दुकानात गादीवर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "ज्ञानचंद, किती डोळे कापले ते मले पाठ आहे. त्यातल्या किती डोळ्यायले दिसून राह्यलं ते सांग."

ज्ञानचंदला हे काही आवडलं नाही. चाळिशी ओलांडलेला, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्याच्या आजोबानं फाट्यावर पाणपोई घातली, बापानं धर्मशाळा बांधली. त्या पाणपोईवर किती जणांची तहान भागली हे विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं. दिलं की दिलं. देऊन झाल्यावर असं मागं फिरून विचारायचं म्हणजे जेवू घातलेल्या पाहुण्याचं पोट दाबून पाहण्यासारखंच झालं.

"समद्यायलेच दिसते," तो म्हणाला.

"कोन म्हन्ते?"

"गाव म्हन्ते."

"गाव काईबी म्हन्ते," पूनमचंदजी म्हणाले. "पौषात दुसरं शिबीर घ्या म्हणून तुमी माह्या मांगं लागले. तेच डॉक्टर, तीच मंडळी, तोच मंडप. निकाल बरा असन तर तारीख पक्की. नसन तर मले आधी कळलं पायजे. घरोघर जा, पाहून ये. पंधरवड्यानं मी येतो, समद्यायले धर्मशाळेत बोलावजो."

दुसऱ्या शिबिराशी ज्ञानचंदचा घरचाच संबंध होता. त्याच्या आईचा, पानाबाईचा, उजवा डोळा मागच्या शिबिरात झाला होता. डावा राहिला होता आणि त्यातही मोती उतरत आला होता. नव्या शिबिराला पहिलं नाव तिचंच होतं, ते तिनं हट्टानं घालून घेतलं होतं. ज्ञानचंद आईला घरच्या रीतीप्रमाणे बाई म्हणायचा. त्यानं आत हाक मारली. "बाई, पूनमचंदजी इचारून राह्यले, दिसते कसं?"

पानाबाई दाराशी आली, चौकटीला हात लावून उभी राहिली. डोळ्यावर शिबिराचा जाड भिंगाचा चष्मा. "बेस दिसते," ती म्हणाली. "तुमची कृपा."

"माह्या कृपेनं काई होत नाई, पानाबाई," पूनमचंदजी म्हणाले, आणि छत्री काखेत मारून फाट्याकडं चालू लागले.

आता पानाबाईचं नाव पहिलं का, हे सांगायला हवं. मागचं शिबीर भरलं ते अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला. आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. त्या दोन वर्षांत नसबंदीसाठी माणसं धरून नेऊन सरकारनं शिबीर या शब्दाचं असं काही करून ठेवलं होतं की दवंडी ऐकली की गडीमाणसं पऱ्हाटीच्या शेतात शिरायची. डोळ्याचं शिबीर आहे, डोळ्याचं, असं दवंडीवाला घसा फुटेस्तोवर सांगत होता. लोक म्हणाले, आधी डोळे बांधतील, मग काय कापतील ते कोणाला दिसणार आहे? बरोबरच होतं त्यांचं. शाळेत मंडप पडला, बाहेरगावचे डॉक्टर आले, कंदील घासून ठेवले, आणि पेशंट म्हणून एक मनुष्य येईना. डॉक्टर घड्याळ पाहायला लागले.

तेव्हा पानाबाई घरातून निघाली. दोन्ही डोळ्यांत मोती, तरी एकटी, भिंतीला हात लावत लावत. मंडपात जाऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "पयला माहा डोळा कापा. मी हाव इथंच. गाव पाहीन."

गावानं पाहिलं. शेठाणी बसली म्हटल्यावर इंद्रभान बसला, रुख्मिणी बसली, आणि त्या दिवशी मंडप गच्च भरला. दुसऱ्या दिवशी तर शेजारच्या गावांच्या बैलगाड्या लागल्या. तेव्हापासून लोक त्याला संस्थेचं शिबीर म्हणेनात, पानाबाईचं शिबीर म्हणू लागले. ज्ञानचंदला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडत नसे.

तर ज्ञानचंद सायकल काढून निघाला. त्याला वाटलं, दोन दिवसांचं काम. आणि तसंच झालं. ज्याच्या दारात जाई तो म्हणे, दिसते. कोणी म्हणे बेस दिसते, कोणी म्हणे पयल्यापेक्षा लय दिसते. एका म्हातारीनं तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बापावर गेला रे तू." चहा झाला, पानसुपारी झाली. पानाबाईला आशीर्वाद झाले. शेवटी एकटा इंद्रभान राहिला, तोही उगाच आपला राहू नये म्हणून ज्ञानचंद त्याच्या खळ्यावर गेला.

इंद्रभान पासष्टीचा शेतकरी, ज्वारीच्या राशीजवळ घोंगडीवर बसलेला. ज्ञानचंदचा आवाज ऐकून त्यानं दोन्ही हात जोडले. "दिसते ना, ग्यानशेठ. फसकिलास दिसते. पानाबाईले सांगजा, इंद्रभान आठोन काढते."

हे तो बोलत असताना एक शेळी आली आणि राशीत तोंड घालून खाऊ लागली. इंद्रभानच्या हाताशी काठी होती. शेळी त्याच्या समोर, हात लांब केला तर कान धरता येईल इतकी जवळ. ती अगदी आवाज न करता खात होती. इंद्रभान पानाबाईचे गुण सांगत राहिला. शेवटी ज्ञानचंदनंच शेळीला हाकललं.

तो सायकलीकडं वळला तेव्हा इंद्रभानची सून पदर सावरत मागून आली. "शेठ, मामंजीले काई दिसत नाई," ती हळूच म्हणाली. "सिमग्यापासून. डोळा लाल झाला, पानी आलं, मंग धूर धूर म्हनत होते. आता धूरबी नाई."

"मंग मले काहून सांगतलं नाई?"

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू प्रश्नच खुळा होता. "कसं सांगा? तुमच्या बाईनं धर्म केला. आमी म्हनलं की नाई दिसत, तर तो धर्म वाया नाई गेला का? देनाऱ्याच्या पुन्यात माती कालवाची आमाले कायले बुद्धी होईन?"

घ्या आता. माणूस खोटं बोलतो तो भीतीनं नाहीतर लोभानं, असं ज्ञानचंद दुकानदारीत शिकला होता. इथं दोन्ही नव्हतं. ही माणसं सभ्यपणानं आंधळी झाली होती आणि सभ्यपणानं ते लपवून बसली होती. सगळं गाव मूग गिळून बसलं होतं, आणि तो येडा चहा पीत हिंडला.

म्हणजे विचारून कळणार नव्हतं. कितीही गोड बोलून विचारलं तरी उत्तर एकच येणार. दुकानात येऊन तो विचार करत बसला. घरात सूरजबाई, त्याची बायको, सुपात तूर निवडत होती, आणि शेजारणीशी मान वळवून बोलत होती. सुपाकडं तिचं लक्षही नव्हतं. बोटंच खडे शोधत होती, बोटंच काढून टाकत होती. ज्ञानचंदच्या मनात आलं, खड्याचं काही खरं नाही. खडा बोटाला कळतो. बोटाला जे कळत नाही असं काय आहे?

उत्तर समोरच्या दोन पोत्यांत होतं. मूग आणि उडीद. आकार तोच, गुळगुळीतपणा तोच. मूग हिरवा, उडीद काळा, एवढाच काय तो फरक, आणि तो डोळ्यालाच कळणार. त्यानं दोन्हीच्या मुठी एकत्र केल्या, पुड्या बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढली.

"पोत्यात मूग-उडीद मिसळले," तो दारोदार सांगू लागला. "तेवढे निवडून द्या."

म्हाताऱ्या माणसाला काम सांगितलं की त्याला बरं वाटतं. कोणी नाही म्हटलं नाही. रामरावानं, जो आसेगावाहून लेकीकडं आला होता आणि तिथूनच शिबिरात बसला होता, पुडी ताटात ओतली, बोलता बोलता दोन ढीग केले, आणि वर सुनावलं, "ग्यानशेठ, तुमच्या मुगाले भोंगा लागला, दान्यायले भोकं पडली. भाव काहून तोच घेता?" रामरावाला दिसत होतं, याबद्दल शंका उरली नाही. आणखी काही जणांनी असेच ढीग केले. ज्ञानचंदला बरं वाटलं, कारण शिबीर अगदीच फुकट गेलं नव्हतं.

पण मग रुख्मिणी होती. पानाबाईच्या वयाची, तिच्याशी लहानपणापासून बोलणंचालणं. रुख्मिणीनं पुडी मांडीवर घेतली, सोडली, दाणे बोटांत घोळले. घोळत राहिली. चेहरा तसाच हसरा. मग पुडी पुन्हा बांधली आणि म्हणाली, "ठेवून जा बापा. आता उन्हं उतरली. सून सवडीनं निवडून देईन."

उन्हं डोक्यावर होती. सावल्या पायातून निघायच्या होत्या. ज्ञानचंद हो म्हणाला आणि उठला. आणखी तीन-चार घरी असंच झालं. कोणाच्या सुनेला हाक गेली, कोणाला ऐन वेळी खोकला आला, कोणी म्हणालं मूग अन् उडीद एकत्र शिजवले तरी चांगलेच लागतात. कोणीही दिसत नाही म्हणालं नाही.

तो घरी आला तो चिडलेला. कोणावर चिडावं हे कळत नव्हतं म्हणून जास्त चिडलेला. उरलेली पुडी त्यानं सूरजबाईपुढं टाकली. "हे घे. निवड अन् रांध."

"मूग बाईले चालत नाई," सूरजबाई सहज म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हंजे? नेम नाई का त्यायचा." सासूचं कौतुक सांगायचं म्हटलं की ती मोकळी होई. "फागुनात पयले पालेभाजी सोडली. मंग वालाच्या शेंगा, वाटाना. चातुर्मासात साध्वीजी आल्या तवा मूग, उडीद, हरबरा, समदं कडधान्य सोडलं. बोरं आत्ता आत्ता सोडली. निसतं भाकर-दूध राह्यलं. साध्वीजी म्हनल्या, या उमरीत इतका त्याग पाह्यला नाई. पुरी गल्ली पाया पडाले येते."

ज्ञानचंद उभाच राहिला. जैनाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की पालेभाजीत काय पाहायचं असतं. पानाच्या पाठीवर अळी आहे का ते पाहायचं. शेंगेत, वाटाण्यात, बोरात किडा आहे का. कडधान्याला भोंगा लागलाय का. जीव मरू नये म्हणून आधी पाहायचं, मगच तोंडात घालायचं. आणि दुसऱ्यानं पाहून दिलेलं पानाबाईला आयुष्यात कधी चाललं नव्हतं. आपल्या तोंडाचं पाप-पुण्य आपल्या डोळ्यानं पाहावं, हा तिचा बाणा.

तिनं जे जे सोडलं होतं, त्यात एकही वस्तू अशी नव्हती की जी न पाहता खाता येते. आणि सगळं घर, सगळी गल्ली, साध्वीजीसुद्धा, तिच्या त्यागाला हात जोडत बसली होती. त्यात तोही होता. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला हे नेम त्यानंच मोजून सांगितले होते.

पानाबाई पडवीत बसली होती, जपमाळ घेऊन. सूर्य मावळायला अवकाश होता, तिचं भाकर-दूध व्हायचं होतं. ज्ञानचंदनं पितळी ताट तिच्यापुढं ठेवलं आणि पुडी त्यात ओतली. दाणे वाजले.

"काय हाय?" ती म्हणाली.

"तूच सांग."

तिनं माळ बाजूला ठेवली. हात ताटात घातला, दाणे बोटावरून ओघळू दिले, एक दाताखाली न धरता नुसता नाकाशी नेला.

"मूग अन् उडीद," ती म्हणाली. "वासानं कळते. वेगळे कर म्हनशील तर नाई होनार माह्याच्यानं."

ज्ञानचंद तिच्यासमोर फरशीवर बसला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. वर्षभर ही बाई त्याच्या घरात भिंती चाचपत होती, आणि त्याला कळलं नाही. "कधीपासून?"

"टाके काढले तवा दिवा दिसला. तुहं तोंडबी दिसलं. मंग आठ-पंधरा दिसात धूर चढला. डाव्या डोळ्यानं थोडं भासते, त्याच्यावर घरात भागते."

"मले सांगाले काय झालं होतं?"

"काय सांगू?" ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी मंडपात कोनी बसाले तयार नव्हतं. माह्यामुळं बसले. माहा डोळा गेला म्हनलं असतं तर ते माह्याकडं धावत आले असते, अन् त्यायचा डोळा बरा असन तरी त्यायले भेव बसलं असतं. मी म्हनलं, माहाच बिघडला असन. एकटीचाच. एका डोळ्यासाठी एवढ्या लोकायचं चांगलं कायले नासवा."

"एकटीचा नाई," ज्ञानचंद म्हणाला. "इंद्रभानचा गेला. रुख्मिणीचा गेला. आनखीबी हायेत."

हे तिला माहीत नव्हतं. तिचा हात ताटातच राहिला. रुख्मिणी दर आठवड्याला येऊन तिच्यापाशी बसायची, आणि दोघी एकमेकींना सांगायच्या, बेस दिसते. मग तिच्या चष्म्याच्या खालून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"रुख्मिणी मले म्हने, पानाबाई, तुमच्यानं मले नातवाचं तोंड दिसलं," ती म्हणाली.

ज्ञानचंदनं विचारलं, "अन् तुहा डोळा गेला हे माहीत असून दुसऱ्या डोळ्यासाठी पयलं नाव घातलं तू? तेच डॉक्टर, तोच मंडप."

"मी नाई बसली तर लोक बसनार नाईत."

"अन् बसली अन् तोबी गेला तर?"

"तर गेला."

इथं ज्ञानचंदचा आवाज चढला. आयुष्यात आईवर तो पहिल्यांदाच ओरडला असेल. "तुह्या मांगं पुन्हा लोक बसतीन. त्यायचा दुसरा डोळा जाईन. मंग तेबी म्हनतीन बेस दिसते, अन् तू म्हनशील बेस दिसते, अन् मी अकोल्याले कळवीन की समद्यायले दिसते. मंग तिसरं शिबीर घेऊ."

सूरजबाई दारात येऊन उभी राहिली होती. पानाबाईनं त्या दिवशी भाकर-दूधही घेतलं नाही, आणि तो नेम नव्हता.

पंधरवडा झाला आणि पूनमचंदजी आले. धर्मशाळेच्या ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. शिबिरातले बहुतेक सगळे आले, धुतलेले कपडे घालून, चष्मे लावून, कोणाचा हात सुनेच्या खांद्यावर, कोणाचा नातवाच्या. पुढं पानाबाईला बसवलं, तिच्या शेजारी रुख्मिणी. ज्ञानचंदनं पूनमचंदजींना अजून काही सांगितलं नव्हतं. मूग-उडदाची हकीकत सांगितली असती तर त्या माणसांना त्यानं फसवलं असं झालं असतं, आणि आईचं आपण होऊन सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं. तिनंही घरात त्या दिवसानंतर विषय काढला नव्हता. ती काय बोलणार हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दाराशी उभा राहिला.

"मी भाषन करत नाई," पूनमचंदजी म्हणाले. "एकच इचारतो. दिसते का? पयल्या पानाबाई, कारन पयल्या त्याच बसल्या."

पानाबाईनं चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. "नाई दिसत," ती म्हणाली.

कोणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पूनमचंदजींनी मान तिच्याकडं झुकवली. "काय म्हनल्या?"

"नाई दिसत. गेल्या सिमग्यापासून नाई दिसत. मी खोटं बोलत होती." तिनं मान वळवली, पण लोक बसले होते त्याच्या जराशी बाजूला. "तुमी समदे माह्यासाठी खोटं बोलून राह्यले. नका बोलू. माहं पुन्य माह्यापाशी राहू द्या, त्याले तुमच्या खोट्याची गरज नाई."

धर्मशाळेच्या मागं कोणीतरी बैल हाकत होतं तेवढाच आवाज.

"मलेबी नाई दिसत," इंद्रभान म्हणाला. त्याचा आवाज चांगला मोठा होता, जणू कोणी त्याच्यावरून पोतं उतरवलं होतं.

"मले होळीपासून नाई," रुख्मिणी म्हणाली, आणि पानाबाईच्या बाजूनं चाचपत तिचा हात शोधला.

मग एकेक बोलू लागले. मागच्या कोपऱ्यातून, खांबाच्या आडून, मलेबी नाई, मलेबी नाई. गंमत अशी की ज्यांना दिसत होतं त्यांची आता पंचाईत झाली. रामराव खाली मान घालून बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो कसनुसं हसला. "मले... दिसते बापा," तो म्हणाला. चोरी पकडली गेल्यासारखा म्हणाला. "माफ करजा. माहं दुसऱ्या दिवशी झालं होतं."

पूनमचंदजींनी मान वर केली. "दुसऱ्या दिवशी?" मग ते हरएकाला तेवढंच विचारत गेले. तुहं कोन्या दिवशी? अन् तुहं? दिसत नाही म्हणणारे जवळजवळ सगळे पहिल्या दिवसाचे निघाले. म्हणजे पानाबाईच्या मागं जे बसले ते. दुसऱ्या दिवशीचे बहुतेक दिसते म्हणाले, आणि ते म्हणताना शरमले.

पूनमचंदजी ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता. "पयल्या दिवशी काईतरी चुकलं," ते म्हणाले. "औषध म्हना, हत्यारं म्हना, मले कळत नाई. डॉक्टरले इचारा लागन. ते कळेपर्यंत शिबीर होनार नाई. अन् पयल्या दिवशीचे समदे अकोल्याले याल, मोठ्या डॉक्टरले दाखवू. परत दिसन असं मी म्हनत नाई. दाखवू."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंद्रभाननं विचारलं की गाडीभाडं कोण देणार, आणि पूनमचंदजी म्हणाले संस्था देईल, आणि त्यावर लोकांत थोडी कुजबुज झाली. पानाबाईला कोणी काही म्हणालं नाही. एक-दोघी तिच्या पाया पडायला पुढं आल्या, तेव्हा तिनं पाय आखडून घेतले.

ज्ञानचंद दाराशी उभा होता. त्याला हलकं वाटायला हवं होतं, आईचा डावा डोळा तरी आता पौषात त्या मंडपात जाणार नव्हता. पण त्याच्या डोळ्यांसमोर तो पहिला दिवस होता. बाकावर बसलेली बाई आणि तिच्यामागं हळूहळू लागलेली ती रांग.

लोक उठू लागले. पानाबाई आणि रुख्मिणी हातात हात घालून ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि थांबल्या. खाली उतरायला तीन पायऱ्या होत्या. गेले वर्षभर त्या दोघी अशाच हात धरून हिंडायच्या, आणि प्रत्येकीला वाटायचं दुसरीला दिसतं. गावालाही वाटायचं, काय माया आहे म्हाताऱ्यांची. आता दोघीही पुढं पाय टाकेनात.

"पायरी कुठंशी हाय वं?" रुख्मिणीनं विचारलं.

"मले काय माहीत," पानाबाई म्हणाली.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. लोक बाजूनं उतरत होते. शेठाणीला हात द्यायची गावाला सवय नव्हती, कारण तिनं तो कधी घेतलाच नव्हता. गेल्या वर्षी मंडपात गेली तीही भिंत धरून एकटीच गेली होती, आणि डोळा गेल्यावर तर कोणी हात पुढं केला की ती म्हणायची, दिसते मले.

पानाबाईनं मोकळा हात समोर पसरला. "ज्ञान," ती म्हणाली, "हात दे रे."

ज्ञानचंद पुढं झाला आणि त्यानं तो हात धरला. बोटं गार होती.

"मलेबी दे एक," रुख्मिणी म्हणाली.